मुकुटबनचा पाहुणा आणि मुंबईचा उकाडा

नकाशावर मुंबईवर बोट ठेवून ते सरळ पूर्वेकडे सरकवीत नेले, तर सह्याद्री, गोदावरीचे खोरे आणि मराठवाड्याचे पठार ओलांडून ते तेलंगणात शिरते. तेथून ते किंचित वर उचलले, की पैनगंगेच्या उत्तरेस, यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन लागते. कापसाचा आणि चुनखडीच्या दगडाचा हा मुलूख समुद्रापासून सरळ रेषेत सहाशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. परंतु मुंबई आणि मुकुटबन यांच्या अक्षांशांत पुरत्या एका अंशाचेही अंतर नाही. दोन्ही ठिकाणे उष्ण कटिबंधातील. मे महिन्यात सूर्य दोहोंच्याही नेमका माथ्यावर येतो : मुंबईस १५ मेच्या सुमारास आणि मुकुटबनास त्यानंतर चारपाच दिवसांनी. तो मुकुटबनास सुमारे चोवीस मिनिटे आधी उगवतो, एवढाच काय तो भेद. सूर्याच्या दानात तर डावे-उजवे नाही. आणि तरीही त्या दिवसांत एका ठिकाणी पारा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तर दुसऱ्या ठिकाणी तो ३३-३४ अंशांवर थबकतो.

हा आकडा वर्तमानपत्रात वाचून मुकुटबनचा पाहुणा मनात सुखावतो. त्याची गाडी वणीवरून आदिलाबाद, नांदेड, मनमाड अशा वाटेने मुंबईस येते. बहुधा मुंबई हे त्याच्या प्रवासाचे अखेरचे ठिकाण नसते. कोणी कोकण रेल्वेने रत्नागिरीस किंवा गोव्यास जावयाचा असतो, कोणास विमान गाठावयाचे असते, कोणी परळच्या टाटा रुग्णालयात, म्हणजे १९४१ साली उघडलेल्या त्या कर्करोगाच्या इस्पितळात, आपल्या माणसाचे कागद दाखवून दुसऱ्या दिवशी परतावयाचा असतो. मुक्काम एका दिवसाचा, फार तर दोन दिवसांचा. 'आपण ४५ अंश सोसणारे लोक, आपल्याला ३३ अंशांचे काय?' असे म्हणत तो फलाटावर उतरतो आणि दोन तासांत त्याचा सदरा पाठीला चिकटतो, डोके जड होते, पायांत गोळे येऊ लागतात. त्याचा समज असा होतो, की आपली प्रकृती बिघडली. बिघडलेला असतो तो त्याचा हिशेब. कारण त्याने बरोबर आणलेला तापमापक अर्धीच हकीकत सांगतो.

उरलेली अर्धी हकीकत सांगणारे साधन फार सोपे आहे आणि ते शाळेच्या प्रयोगशाळेत कोणीही पाहिलेले असते. दोन सारखे तापमापक शेजारी टांगावयाचे. त्यांपैकी एकाच्या पाऱ्याच्या गोळीला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळावयाची. चिंधीतील पाणी वाळू लागले, की वाळताना ते गोळीतील उष्णता घेऊन जाते आणि त्या तापमापकाचा पारा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी, तितका तो अधिक उतरतो. आता मे महिन्यातील एका सर्वसाधारण दुपारचे आकडे पाहावे. मुकुटबनकडे तापमान ४२ अंश आणि हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा २० असेल, तर ओला तापमापक सुमारे २४ अंश दाखवील. मुंबईत तापमान ३३ अंश आणि आर्द्रता शेकडा ६८ असेल, तर ओला तापमापक २८ अंश दाखवील. कोरड्या तापमापकाने पाहिले तर मुकुटबन नऊ अंशांनी वरचढ आणि ओल्याने पाहिले तर मुंबई चार अंशांनी वरचढ! माणसाचे घामेजलेले अंग हे या दुसऱ्या तापमापकासारखे आहे, ही गोष्ट पाहुण्याने ध्यानात घेतलेली नसते.

हवेत पाणी किती, हेही डोळ्यांपुढे आणता येते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोली घ्यावी. वर सांगितलेल्या दुपारी मुकुटबनच्या अशा खोलीतील सगळी वाफ गोळा करून तिचे पाणी केले, तर ते अर्ध्या लिटरच्या आसपास भरेल. मुंबईच्या खोलीत सव्वा लिटरच्या जवळपास. शिवाय मुकुटबनची हवा तापलेली असल्यामुळे तिच्या पोटात आणखी पुष्कळ पाणी मावते, आणि मुंबईची हवा आधीच पोटभर प्यालेली असते. आणखी किती पाणी सामावेल, असा प्रश्न केला तर मुकुटबनच्या हवेची तहान मुंबईच्या हवेच्या चौपट निघते. तेथे दोरीवरचे धोतर तासाभरात खडखडीत होते. येथे ते संध्याकाळपर्यंत दमट राहते. तेथे माठातले पाणी दाताला झिणझिण्या आणते. येथे तोच माठ कष्टाने थोडासा गार होतो, कारण त्याच्या अंगावर पाझरलेले पाणी वाळतच नाही. मुंबईच्या गृहिणीला मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे का टाकावे लागतात आणि पापड तळल्यावर लगेच डब्यात का घालावे लागतात, याचेही कारण हेच.

अंगावरच्या घामाचा हिशेब थोडा निराळा पडतो, कारण कातडीचे तापमान हवेहून वेगळे, सुमारे ३५ अंश असते. तरीही वारा सारखाच धरला, तर मुंबईच्या दुपारी घाम वाळण्याचा वेग मुकुटबनच्या निम्म्याजवळ येतो. घामाचे महत्त्व किती, हे एका आकड्यावरून कळेल. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला, तर तो शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. साधे सात लिटर पाणी चुलीवर ठेवून उकळीला आणावयास जवळजवळ तितकीच उष्णता लागते. परंतु यात 'वाळला' हा शब्द महत्त्वाचा आहे. कपाळावरून ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला यत्किंचितही थंड करीत नाही. तो पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो. विदर्भातील मनुष्य उन्हात भरपूर घामतो, पण घाम येता येताच उडून जात असल्यामुळे 'मला घाम येत नाही' असे तो म्हणतो. मुंबईत त्याला आपला घाम पहिल्यांदा दिसतो. दिसणारा घाम हा बहुतांशी वाया गेलेला घाम होय.

यावरून विदर्भाचे ऊन सौम्य आणि मुंबईचा उकाडा भयंकर असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. ४२ अंशांची हवा अंगाला स्वतःची उष्णता देत असते. लू लागून शेतातली माणसे दगावतात, हे वणी-चंद्रपूरकडे सर्वांस ठाऊक आहे. मुद्दा एवढाच, की हे दोन उन्हाळे दोन जातींचे आहेत आणि म्हणून त्यांचे उपायही निराळे, किंबहुना कित्येक बाबतींत अगदी उलटे आहेत. मराठी भाषेने तर हा भेद केव्हाच ओळखला आहे. रखरख, काहिली, झळा, लू हे शब्द एका उन्हाळ्याचे. उकाडा, घालमेल, चिकचिक हे शब्द दुसऱ्याचे.

उलटे उपाय कोणते, ते पाहण्यासारखे आहे. विदर्भात उन्हाळा सुरू झाला, की खिडकीत कूलर बसतो. त्याच्या आधीच्या पिढीत दारावर वाळ्याचा पडदा टांगून त्यावर पाणी शिंपीत. कोरडी हवा ओल्या गवतातून गेली, की तिची तहान भागते आणि ती गार होते. हाच कूलर मुंबईत लावला तर आधीच दमट असलेल्या खोलीत तो आणखी वाफ सोडतो आणि उकाडा वाढवितो. याच्या उलट नुसता पंखा. ४० अंशांवरील हवेत पंखा म्हणजे अंगावर गरम हवा लोटणारा भाता होय. अंग ओले नसेल तर तो अपायच करतो. मुंबईची ३३ अंशांची हवा कातडीहून थंड असते. तेथे पंखा अंगाभोवती साचलेली दमट हवा बाजूस सारतो आणि घामाला वाळावयास वाट देतो. विदर्भात दुपट्टा डोक्याला, कानांना आणि तोंडाला घट्ट गुंडाळल्यावाचून कोणी बाहेर पडत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे झळ आत येत नाही. मुंबईत तोच दुपट्टा घामाला कोंडून ठेवतो. उन्हासाठी तेथे छत्री बरी.

आणि सर्वांत मोठी गोष्ट खिडकीची. मुकुटबनचे शहाणे घर सकाळी नऊ-दहा वाजता खिडक्या-दारे लावून घेते. जाड भिंतींनी रात्रीचा गारवा धरून ठेवलेला असतो. बाहेरच्या झळा आत न येऊ देणे हीच तेथील युक्ती. सूर्य मावळला, की सगळे उघडावयाचे आणि अंगणात खाट टाकावयाची. तेथील कोरडे आकाश रात्री जमिनीची उष्णता भराभर निघून जाऊ देते, म्हणून दिवस आणि रात्र यांत बारा-चौदा अंशांचा फरक पडतो. मुंबईत वाफेने भरलेली हवा गोधडीसारखी जमिनीवर पसरलेली असते. रात्र दिवसाहून फार तर सहा-सात अंशांनी उतरते. तेथील भिंतींना धरून ठेवण्याजोगा गारवा रात्री मिळतच नाही. पाहुणा मात्र धर्मशाळेच्या किंवा नातलगाच्या खोलीत आल्याबरोबर सवयीने खिडकी लावून घेतो आणि 'बाहेरचे ऊन नको' म्हणून आत पडून राहतो. चार माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ त्या खोलीत साठत जाते आणि तासाभरात तो बाहेरच्यापेक्षा वाईट हवेत झोपलेला असतो. मुंबईत भर दुपारीसुद्धा खिडकी उघडी ठेवावयाची असते, आणि शक्य तर समोरासमोरच्या दोन.

या उघड्या खिडकीसाठी मुंबईने एकेकाळी रस्तेच्या रस्ते फोडले आहेत. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला आणि थोड्याच दिवसांत अर्धे शहर पळू लागले. त्या काळच्या चाळींतील कित्येक खोल्यांना बाहेरची हवा लागतच नसे. मग १८९८ साली शहर सुधारण्यासाठी सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेगचे जंतू उंदरांवरील पिसवांच्या मार्फत माणसांत येतात, ही गोष्ट तेव्हा सर्वमान्य झालेली नव्हती. कोंदट हवेलाच पुष्कळसा दोष दिला जाई. ट्रस्टने दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, ते पश्चिमेच्या समुद्रावरील वारा शहराच्या पोटात नेण्याच्या हेतूने. रोगाचे निदान चुकले होते, आणि ज्यांची घरे पाडली गेली त्यांना नवी घरे वेळेवर मिळाली असेही नाही; पण वाऱ्याविषयीची समजूत खरी होती. चौपाटीकडून आत शिरणाऱ्या या रस्त्यांवर दुपारी दोन वाजता उभे राहिले आणि मग बाजूच्या एखाद्या गल्लीत शिरले, तर फरक अंगाला कळतो.

हा वारा कोठून येतो? पाणी जमिनीच्या मानाने सावकाश तापते. त्याला तापविण्यास उष्णता अधिक लागते, ऊन त्यात खोलवर शिरते, आणि लाटा वरखाली मिसळत असल्यामुळे ती उष्णता एका थरात साचून राहत नाही. सकाळचे दहा-अकरा वाजेपर्यंत जमीन तापून तिच्यावरील हवा वर चढू लागते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील हवा आत येते. हे खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि पहाटेकडे वारा मंदपणे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे. कोळ्यांची शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर पडे आणि दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर घरी येई. त्यांचा सारा दिनक्रम या दोन वाऱ्यांनी आखलेला असे. उन्हाळ्यात खारा वारा मुंबईस साधारणपणे दुपारी बाराच्या आत-बाहेर पोहोचतो. म्हणून मुकुटबनची सर्वांत कठीण वेळ दुपारी तीन-चारची, तर मुंबईची अकरा ते एकची, वारा नीट सुरू होईपर्यंतची. पाहुणा येथेही फसतो. गावाकडे 'अकराच्या आत कामे उरकून घ्यावी' असा नियम असतो. मुंबईत तो कार्यालयांच्या रांगेत नेमका अकरा ते एक उभा राहतो आणि दुपारी तीन वाजता, वारा छान सुटलेला असताना, खोलीत जाऊन दार लावतो.

कधीकधी हा वारा येण्यास उशीर करतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून, म्हणजे दख्खनच्या तापलेल्या पठारावरून, जोराचा वारा वाहू लागला, तर तो खाऱ्या वाऱ्यास किनाऱ्यावरच अडवून धरतो. अशा दिवशी मुंबईचा पारा भराभर चढतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझ येथे ४१.७ अंशांची नोंद झाली, ती अशाच हवेचे उदाहरण म्हणून सांगता येईल. विनोदाने असे म्हणता येईल, की त्या दिवसांत मुकुटबनच्या पाहुण्याबरोबर त्याच्या मुलखाचा वाराही मुंबईस मुक्कामाला येतो. हवामानखात्यानेही किनाऱ्याला निराळा न्याय लावला आहे. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असावे लागते. किनारपट्टीवर ३७ अंश पुरतात. (दोन्हीकडे ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी अधिक असावे लागते.) सदतीस अंश! यवतमाळ जिल्ह्यात एप्रिलमध्ये इतक्या तापमानाला लोक 'आज बरे आहे' म्हणतील.

ही शब्दांची कसरत नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभास राज्याच्या निरनिराळ्या भागांतून लाखो माणसे आली होती. बहुतेकांचा मुक्काम एका दिवसाचाच. सकाळपासून दुपारी एकपर्यंत ती उघड्या मैदानावर बसून होती. तापमान सुमारे ३८ अंश होते. मैदानी जिल्ह्यांतून आलेल्या कोणालाही घाबरवील असा तो आकडा नव्हता. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, असा सरकारी आकडा आहे. वेळ अकरा ते एकची, डोक्यावर छप्पर नाही, भोवती माणसांची दाटी आणि त्यामुळे वाऱ्याला वाट नाही : किनाऱ्यावर ज्या गोष्टी टाळावयाच्या, त्या सगळ्या त्या दिवशी एकत्र आल्या होत्या.

थोडक्या मुक्कामात धोका अधिक का, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. शरीराला नव्या हवेची सवय होते. घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मीठ कमी होते, हृदयावरील ताण उतरतो. पण या फेरबदलास आठवडा ते दोन आठवडे लागतात. मुंबईस नोकरीसाठी आलेला मुकुटबनचा तरुण पंधरा दिवसांत तेथला होऊन जातो. एका दिवसाचा पाहुणा मात्र त्या सवयीची पहिली पायरीही चढलेला नसतो. त्यातून तो रात्रभर गाडीत अवघडून बसलेला, नीट न जेवलेला आणि 'गाडीत वारंवार उठावे लागू नये' म्हणून पाणी कमी प्यालेला असतो. बरोबर एखादा रुग्ण किंवा म्हातारे माणूस असले, तर त्याचे हाल दुप्पट. शरीराच्या सहनशक्तीलाही मर्यादा आहे. ओल्या तापमापकाचा पारा ३५ अंशांवर गेला, तर सावलीत, पंख्याखाली, स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीर उष्णता बाहेर टाकू शकत नाही, असे गणिताने निघते. २०२२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात झालेल्या प्रयोगांत तर धडधाकट तरुणांची मर्यादाही दमट हवेत ३१ अंशांच्या जवळपासच आढळली. मुंबईच्या नेहमीच्या मे महिन्यातील २८ अंशांपासून ती फार दूर नाही. वृद्धांची मर्यादा याहून खाली असणार, हे उघड आहे.

तेव्हा मुंबईतील एक दिवस घड्याळापेक्षा वाऱ्यावर आखावा. सकाळी गाडीतून उतरल्यावर दहापर्यंत पायी हिंडण्याची कामे करावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसापासून फोर्टचा भाग पायांखाली घालावयास ही वेळ उत्तम. अकरा ते एक छपराखाली, पंख्याच्या वाऱ्यात काढावे. काम नसेल, तर १९२२ साली लोकांस खुले झालेले, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स आणि आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळच आहे. दोननंतर पश्चिमेच्या बाजूस सरकावे. पूर्वेच्या गोदीच्या बाजूपेक्षा तेथे वारा आधी आणि मोकळा येतो. तहान लागेपर्यंत न थांबता थोडेथोडे पाणी घेत राहावे, आणि सदरा दोनदा भिजला असेल तर नुसते पाणी पुरणार नाही. मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत, पन्हे किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनी घ्यावी. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्याने मिठाविषयी आधी वैद्याला विचारावे. पायांत गोळे, डोकेदुखी, मळमळ ही पहिली सूचना होय. तेव्हाच सावलीत बसून अंगावर पाणी घ्यावे आणि वारा घालावा. माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ते थकव्याचे लक्षण समजू नये. त्याला ताबडतोब पाण्याने भिजवून पंख्याखाली न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. मुंबईत घाम वाळत नाही म्हणून येथे पाण्याइतकेच वाऱ्याचेही महत्त्व आहे.

विदर्भाच्या कापसालाही या हवेचा अनुभव आहे. कोरड्या हवेत सूत ताठ होऊन तुटते. दमट हवेत ते लवचिक राहते. मुंबईत १८५० नंतर गिरण्या उभ्या राहिल्या, त्याची कारणे बंदर आणि भांडवल ही असली, तरी त्या सुताला येथील चिकचिकाट मानवला, हेही खरे. उलट जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा कापूस दाराशी होता. पण हवेत ओलावा नव्हता, आणि पुढे तेथे हवा दमट ठेवणारी यंत्रे बसवावी लागली. ज्या हवेने पाहुणा हैराण होतो, ती त्याच्या शेतातल्या बोंडासाठी पैसे खर्चून तयार करावी लागत असे!

पावसाळ्यातील मुक्कामाची गोष्ट वेगळी. तेव्हा मुकुटबनही दमट असते आणि उकाड्याचे नवल उरत नाही. त्याची जागा भरती-ओहोटी घेते. नदीकाठच्या माणसाला पाणी पावसाने चढते, एवढेच ठाऊक असते. समुद्राचे पाणी निरभ्र दिवशीही दोनदा चढते आणि दोनदा उतरते, आणि मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास त्यात चारपाच मीटरचा फरक पडतो. भरतीची वेळ काढण्याची कोकणातील जुनी रीत अशी, की तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीस सहा, पौर्णिमेस सव्वाअकरा; त्याच्या थोडे मागेपुढे पाणी पूर्ण चढते. म्हणजे मोठ्या भरत्या मुंबईस मध्यान्हीच्या आसपास येतात. अशा वेळी हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. आणि त्याच वेळी मोठा पाऊस आला तर शहरातील पाणी समुद्रात उतरावयास जागाच उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. यवतमाळ जिल्ह्यात जवळजवळ वर्षभरात पडतो इतका. त्या दिवशी स्टेशनांत आणि बसगाड्यांत रात्र काढलेल्यांत एका दिवसापुरते आलेले परगावचे लोकही होते. पावसाळ्यात पुढची गाडी गाठावयाची असेल, तर पंचांगातील तिथी पाहून स्टेशनावर दोन तास आधी जाऊन बसणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे.

पुढे कोकणात किंवा गोव्यास जाणाऱ्या पाहुण्याबरोबर हीच हवा प्रवास करते. त्याला रत्नागिरीसही खिडकी उघडीच ठेवावी लागते. परतीच्या गाडीतील पाहुण्याचे तसे नाही. कसाऱ्याचा घाट चढून गाडी इगतपुरीस आली, की पाठीचा सदरा सुटा होतो. मनमाडला पोहोचेपर्यंत ओठ कोरडे पडू लागतात, घाम दिसेनासा होतो, आणि दुपारच्या वेळी डब्यातील माणसे एकामागून एक खिडक्या खाली ओढून घेतात.